गोदावरीचं ‘हाव’

गोदावरीला तंद्री लागायची. मुखेडजवळच्या गावात शाळेत होती तेव्हापासूनची ही खोड. मास्तर फळ्यावर भागाकार मांडायचे आणि ही त्या खाली उतरत जाणाऱ्या आकड्यांच्या पायऱ्यांवरून कुठं तरी निघून जायची. मास्तर वळून विचारायचे, “समजलं का?” सगळा वर्ग म्हणायचा, “हाव!” वर्गाच्या आवाजानं ती परत यायची आणि उशिरानं, एकटीच, आणखी एकदा म्हणायची, “हाव.”

मास्तरांना ‘कसं?’ म्हणून विचारायची आपल्याकडं रीत नाही. त्यांनी ‘समजलं?’ म्हणायचं, पोरांनी ‘हाव’ म्हणायचं. दोघांचा वेळ वाचतो आणि कुणाचं मन दुखत नाही. अशी हावला हाव लावत पोरगी दहावी झाली, बारावी झाली, नांदेडला इंजिनिअरिंगला आली. आता तिसऱ्या वर्षाला होती. मार्क चांगले होते. पण आपल्याला खरंच येतं, की आपण नुसती मान डोलावत इथवर आलो, हा किडा तिच्या डोक्यात शिरला होता आणि काही केल्या निघत नव्हता.

त्यावर तिला एकच इलाज दिसत होता. उन्हाळी सुट्टीचे दोन महिने बंगळूरला जायचं, जिथं खरोखरीचं सॉफ्टवेअर तयार होतं तिथं बसायचं आणि एकदाचं बघायचं. त्यासाठी इंटर्नशिप पाहिजे, आणि इंटर्नशिपसाठी आधी फोनवर मुलाखत. इथंच तिचं घोडं पेंड खात होतं. समोर माणूस नाही, नुसता आवाज. आवाज ऐकला की ती विचार करायची: हा कसल्या खोलीत बसला असेल, खिडकीतून काय दिसत असेल, चहा निवला असेल का. तेवढ्यात पलीकडून, “हॅलो? आर यू देअर?” अशा किती तरी मुलाखती तिच्या हातून वाहून गेल्या. आता एकच कंपनी राहिली होती, तीही लहानशी. ही गेली की सुट्टी गावाकडं.

तिची होस्टेलच्या खोलीतली जोडीदारीण धम्मप्रिया मोठी खमकी पोरगी. तिला पुण्याची इंटर्नशिप केव्हाच मिळाली होती. तिनं मुलाखतीच्या दिवशी गोदावरीला गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलं, फोन स्पीकरवर टाकला आणि स्वतः मांडीला मांडी लावून बसली.

“तुझी तंद्री लागली की मी चिमटा घेणार,” ती म्हणाली. “ओरडायचं न्हाई.”

“हाव,” गोदावरी म्हणाली.

फोन आला. आवाज भरदार होता, पण सावकाश, जेवण झाल्यावर ओसरीवर बसून बोलावं तसा. त्यानं आपलं नाव विरूपाक्ष सांगितलं. बोलणं अर्थात इंग्रजीत.

“गोदावरी,” तो म्हणाला, “म्हणजे नदीवरून ठेवलेलं नाव का?”

“हाव.”

 मग त्या माणसानं घसा साफ केला आणि गोदावरी नावाची एक मोठी नदी आहे, असं सांगायला सुरुवात केली. ती नाशिकच्या बाजूला उगम पावते, सबंध महाराष्ट्र ओलांडते, तेलंगणातून आंध्रात जाते. गच्चीवरून दूर त्याच नदीचा पट्टा उन्हात चकाकत होता. गच्चीवरच्या गोदावरीच्या जन्माच्या वेळी आईला, चतुराबाईला, नांदेडच्या दवाखान्यात आणलं होतं, आणि वडील, रामकिशन, घाटावर अंघोळ करून ओल्या धोतरानंच नाव ठरवून आले होते. हे सगळं त्या माणसाला सांगावं असं तिला फार वाटलं. पण मोठं माणूस बोलत असताना मधे तोंड घालणं तिला जमलं नाही.

“माझं आजोळ राजमहेंद्रीला आहे,” तो सांगत होता. “घराच्या मागच्या दारात नदी. पावसाळ्यात इतकी रुंद होते की पलीकडचा काठ दिसत नाही. तुझं नाव ऐकून मला ते मागचं दार आठवलं.”

झालं. गोदावरी निघाली. घाटावरून पाण्याबरोबर सुटली, बासर मागं टाकलं, ओळखीची भाषा संपली, काठावरची झाडं बदलली, नारळ आले, आणि एका मागच्या दाराशी एक लहान मुलगा पाण्यात पाय सोडून बसलेला तिला दिसला. आपण इथून सोडलेलं पाणी त्याच्या पायांना लागतं, हे तिला त्या क्षणी इतकं खरं वाटलं की तिचे डोळे भरून आले.

धम्मप्रियानं चिमटा काढला.

“...तर प्रश्न असा आहे,” आवाज म्हणत होता. “आकडे येतायत, एकामागून एक, न थांबता. नदीसारखे. सगळे साठवून ठेवायला जागा नाही. पण केव्हाही विचारलं तरी आतापर्यंतचे सगळ्यांत मोठे पाच तुला सांगता आले पाहिजेत. प्रश्न स्पष्ट आहे?”

“हाव.”

“बरं, जरा फोडून सांगतो.” आणि त्यानं सांगितलं. आलेले पहिले पाच हातात धर. सहावा आला की त्याला हातातल्या सगळ्यांत लहानाशी ताड. सहावा मोठा असेल तर लहान तो टाक आणि हा घे. “ठीक?”

“हाव.”

“बरोबर विचारलंस. पाच असतील तर नुसतं बघून लहान कोणता ते कळेल. पण पाच हजार धरायचे असतील तर?” आणि मग त्यानं तेही सांगितलं. आकड्यांची अशी उतरंड रचायची की सगळ्यांत लहान तो नेहमी माथ्यावर राहील, म्हणजे येणाऱ्याची गाठ फक्त माथ्यावरच्याशी. गोदावरी हाव म्हणायची आणि तो आणखी एक पायरी खाली उतरायचा, आणखी सोपं करायचा. आयुष्यात कुणी इतक्या मायेनं तिला काही समजावून सांगितलं नव्हतं. शाळेतल्या भागाकाराच्या पायऱ्यांवर ती एकटी भटकायची. इथं तर हात धरून कुणी एकेक पायरी उतरवत होतं.

वेळ संपली. आवाज हसला. “तू मला एकही गोष्ट अर्धवट सोडू दिली नाहीस,” तो म्हणाला. “बरी खोड आहे. सोडू नकोस.” फोन बंद झाला.

“काय चांगला माणूस हाय!” गोदावरी म्हणाली. “किती समजावून सांगतो!”

धम्मप्रिया तोवर गच्चीवर आडवी झाली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “अगं येडे! त्याला ‘हाव’ म्हणजे ‘हाऊ’ ऐकू आलं! तू म्हणतीस ‘हो, हो’, अन् त्याला वाटतंय तू विचारून राहिलीस, ‘कसं? कसं?’ नदीचं नाव ऐकून तू विचारलंस ‘कसं?’ म्हणून त्यानं तुला गोदावरी सांगितली! नांदेडात बसलेल्या गोदावरीला!”

गोदावरीनं आधी तोंडावर हात ठेवला. मग तीही हसली. खाली आल्यावर मात्र, ती सगळी माया चुकून मिळाली होती, या विचारानं तिला रडू आलं.

दोनच दिवसांनी मेल आला. दुसरी फेरी होती, आणि खाली एक ओळ विरूपाक्षनं स्वतः लिहिली होती: ‘मुळापर्यंत जाऊन विचारणारे उमेदवार मला क्वचित भेटतात.’ ती ओळ गोदावरीनं पुन्हा पुन्हा वाचली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ते खरं. पण हे डोळे दुसऱ्याच कुणाचे होते. त्या माणसाला भेटलेली चौकस पोरगी आपण नव्हेच, असं तिला वाटत राहिलं.

“गप बस,” धम्मप्रिया म्हणाली. “आलेली लक्ष्मी लाथाडू नकोस. उलट आता नीट, जीभ वळवून, दोन-तीन ठिकाणी ‘हाऊ’ टाक. त्याला तेच पाहिजे.”

संध्याकाळी गोदावरी एकटीच घाटावर गेली आणि पाण्याशी बसली. लहानपणी जत्रेला आलं की ती इथं खेळायला खडे वेचायची. मूठभरच न्यायचे, अशी आईची ताकीद असायची. गुळगुळीत, गोल खडा दिसला की मुठीतला सगळ्यांत ओबडधोबड तो पाण्यात टाकायचा आणि हा घ्यायचा. काठ संपेपर्यंत हेच चालायचं. ती एकदम ताठ बसली. हे तर तेच होतं! त्या माणसानं सांगितलेलं सगळं तिनं मनाशी पुन्हा मांडलं, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःलाच विचारलं, कसं? उत्तरं येत होती. काही ठिकाणी अडलं तेव्हा तिनं तिथंच बसून ते सोडवलं. अंधार पडायच्या आत तिला सगळं समजलं होतं. मान डोलावण्याइतकं नव्हे, सांगता येण्याइतकं.

दुसऱ्या फेरीसाठी वडिलांनी तिला लातूरला पाठवलं. तिची मावशी राजश्री तिथं शाळेत इंग्रजी शिकवायची. “मावशीकडं जा. ती तयारी करून घेईल. फिकीर करू नको, माय,” ते फोनवर म्हणाले. इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय हे त्यांना मालूम नव्हतं, पण पोरीला ते लई पाहिजे आहे एवढं त्यांना कळत होतं, आणि बापाला तेवढं पुरतं. एसटीत खिडकीशी बसून गोदावरी लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं मागं टाकत गेली. बाहेर हरभरा काढून झालेली रिकामी रानं होती, आणि त्यांच्यावरून तोच सावकाश आवाज तिच्यासोबत लातूरपर्यंत आला.

राजश्रीमावशीनं सगळी हकिकत ऐकून कपाळाला हात लावला. “हे हाव-फाव आधी बंद. ‘येस सर’ म्हणायचं. स्वच्छ.” त्या दिवसापासून गोदावरीच्या तोंडून हाव निघालं की मावशी टेबलावर फूटपट्टी आपटायची. पोरगी दचकून म्हणायची, “येस.” मधेच शेजारच्या साखराबाईंनी भिंतीवरून विचारलं, “बाई, उद्या नळ येणार हायेत म्हणं?” आणि मावशी फूटपट्टी हातात धरूनच ओरडली, “हाव!” मग दोघी मावशी-भाची पोट धरून हसल्या. पण नियम मोडला नाही.

लातूरला नळ रोज येत नाही, हे ज्यांनी तिथं दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. पाणी येतं त्या दिवशी सगळी गल्ली कामाला लागते. आणि पाण्याला काही मुलाखतीची वेळ माहीत नसते. दुपारी गोदावरी मागच्या खोलीत फोन घेऊन बसली, आणि नेमकी तेव्हाच बाहेर आरोळी उठली, “नळ आले!” बादल्या वाजल्या, मोटारी घुरघुरल्या, आणि खिडकीखालच्या हौदात पाइपातून पाणी पडू लागलं.

फोन वाजला. तोच आवाज होता.

“गोदावरी, पाण्याचा आवाज येतोय. नदीकाठी बसली आहेस का?”

“नो सर,” ती म्हणाली. “लातूर.”

तो विचारत गेला आणि ती येस सर म्हणत गेली. स्वच्छ, मावशीनं शिकवलं तसं. कॉलेजात हा विषय झाला आहे का? येस सर. मागच्या वेळचं लक्षात आहे? येस सर. काही शंका? “येस स— नो सर.” तिला जाणवत होतं की तो आवाज दर उत्तराबरोबर थोडा थोडा दूर चालला आहे. आजोळचं मागचं दार लावून घेतल्यासारखा तो आता नुसता कंपनीचा आवाज झाला होता.

“आज तू काहीच विचारत नाहीस,” तो शेवटी म्हणाला. “मागच्या वेळी तर दर वाक्याला ‘हाऊ’ होतं.”

जिभेच्या टोकावर तो शब्द आला. एकदा म्हटलं असतं, जीभ वळवून, की सगळं पुन्हा उघडलं असतं. तिनं डोळे मिटले. तिला बंगळूरला जायचं होतं, फार फार जायचं होतं. पण तिथं जाऊन दुसरीच कुणी पोरगी म्हणून दोन महिने बसायचं, ही कल्पनाच तिला सोसेना.

“सर,” ती म्हणाली, आणि मग तिचं इंग्रजी जसं येत होतं तसं, ठेचकाळत, सगळं सांगून टाकलं. मी ‘हाऊ’ म्हणत नव्हते. आमच्याकडं ‘हाव’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘येस’.

 हौदातलं पाणी तेवढं पडत होतं. गेलं, तिला वाटलं. गेलं सगळं.

“म्हणजे,” तो आवाज हळूच म्हणाला, “त्या दिवशी तुला सगळं आधीच समजलेलं होतं?”

“नो सर. काहीच नव्हतं समजलं.”

“मग येस का म्हणत होतीस?”

याचं उत्तर तिनं पाठ केलेलं नव्हतं. “सर, समजायच्या आधीच म्हणायची सवय आहे. नाही म्हटलं की शिकवणाऱ्याला वाईट वाटतं. पण तुम्ही चुकून समजावत गेलात, सर, म्हणून मला समजलं.”

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. “आमच्याकडं, तेलुगूत, ‘अवुनु’ म्हणतात,” तो म्हणाला. “चार वर्षं मी कॉलेजात तेच म्हणत बसलो होतो. नोकरी लागल्यावर कळलं की मला काहीही येत नाही.” मग तो पुढं म्हणाला, “असं कर. आता तू समजावून सांग. मी हाव म्हणतो.”

गोदावरीनं सांगायला सुरुवात केली. नदीकाठी एक पोरगी खडे वेचते आहे, सर, आणि मुठीत फक्त पाच मावतात. तो म्हणाला, “हाव?” त्याच्या तोंडी ते अगदी ‘हाऊ’च होतं. नवा खडा दिसला की तो मुठीतल्या सगळ्यांत वाईट खड्याशी ताडायचा, बाकीच्यांकडं बघायचंच नाही. “हाव?” कारण सगळ्यांत वाईटाहून तो चांगला नसेल, तर बाकीच्यांहून असणार तरी कसा? ती बोलत होती आणि पाय खरोखर पाण्यात असल्यासारखे गार लागत होते. तंद्री लागली होती, पण या वेळी ती कुठं निघून गेली नव्हती. तंद्रीतूनच सांगत होती. पाच हजार खडे असले तर मूठ पुरणार नाही, मग उतरंड कशी रचायची, माथ्यावरचा काढला की खालच्यांतून वर कोण येतं, नवा आला की त्यानं कुठं थांबायचं, हे तिनं एकेक करून मांडलं. चिमटा घ्यायला कुणी नव्हतं आणि लागलाही नाही.

“आणि नवा खडा माथ्यावरच्या खड्याएवढाच असेल तर?”

“तर जुनाच ठेवते, सर. तो ओळखीचा झालेला असतो.”

आता मात्र तो मनापासून हसला. त्याचा आवाज पुन्हा मागच्या दाराशी येऊन बसला होता. “आमची कंपनी एवढीशी आहे,” तो म्हणाला. “कुणाला घ्यायचं ते मीच ठरवतो. जूनपासून दोन महिने, बंगळूरला. येशील?”

“हाव.”

फूटपट्टी वाया गेली. तिनं जीभ चावली. पलीकडून आवाज आला, “हे कुठलं? येस की हाऊ?”

 लातूरच्या पलीकडं गोदावरी कधी गेली नव्हती. कुठल्या गाडीनं जायचं, कुठं उतरायचं, कुणाकडं राहायचं, अनोळखी भाषेत रस्ता कसा विचारायचा, यातलं तिला काहीही ठाऊक नव्हतं.

“दोन्ही, सर,” ती म्हणाली.

मग तो सांगू लागला. नांदेडहून गाडी आहे, पहाटे पोचेल, उजाडेपर्यंत स्टेशनातच थांब. ऑफिसातली एक मुलगी घ्यायला येईल. राहायची सोय तिच्याच खोलीवर होईल. जूनमध्येही तिथं गारवा असतो, स्वेटर आण. गोदावरी जिथं अडलं तिथं विचारत होती, आणि विचारताना तिला लाज वाटत नव्हती. बाहेर हौद भरून पाणी अंगणात वाहू लागलं होतं, आणि मावशी साखराबाईंना मोटार बंद करायला सांगत होती.

“आणखी काही?” त्यानं शेवटी विचारलं.

पुस्तकातल्या मराठीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. एक मिळालं की दुसरं मागावंसं वाटतं, ती हाव. मावशीनं तो तिला सांगितला नव्हता, आणि तिनंही विरूपाक्षला सांगितला नाही.

“सर,” गोदावरीनं विचारलं, “आणि दोन महिने झाल्यावर?”